तगरीची आखूड पाकळी

शिक्का धुवायला नवा टूथब्रश चालत नाही. नव्या ब्रशचे केस ताठ असतात, रबराच्या बारीक रेघा झिजवून टाकतात. घरात वापरून मऊ पडलेला ब्रश लागतो, कोमट पाणी लागतं, आणि धुतल्यावर शिक्का फडक्यावर नुसता टिपायचा, घासायचा नाही. हे सगळं आता माझे हात आपापले करतात आणि मी बाजूला बसून बघते, अशी गत आहे. खरं सांगते, मला दमायला झालंय. काम जास्त आहे म्हणून नाही. काम तर फारसं उरलेलंच नाही.

बारामतीत आमचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. हे मूळचे कन्हेरीचे. भावानं शेती सांभाळली आणि यांनी हातात ब्लेड घेतलं. सोसायट्यांचे, ग्रामपंचायतींचे, शाळांचे, वकिलांचे गोल नि चौकोनी शिक्के यांनी जन्मभर केले. आता चौकात कॉम्प्युटरवर शिक्के निघतात, गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत शिक्का हातात. आमच्याकडं येतात ती जुनी माणसं, आणि तीही शिक्क्यापेक्षा गप्पा मारायलाच जास्त येतात.

यांच्या धंद्याच्या दोन रिती होत्या. नवा शिक्का देताना हे प्रत्येकाला सांगायचे, जपून वापरा, दुसऱ्याच्या हातात देऊ नका. समोर सरपंच असो नाहीतर कालचा वकील झालेला पोरगा असो, वाक्य तेच. दुसरी रीत जुन्या शिक्क्याची. चेअरमन बदलला, सेक्रेटरी रिटायर झाला, कुणी वारलं, की त्याचा शिक्का दुकानात परत यायचा. हे तो पालथा धरायचे आणि आणणाऱ्याच्या समोर रबरावर ब्लेडनं फुली मारायचे. माणूस गेला आणि शिक्का मागं फिरत राहिला, तर उद्या कोण तो कशावर उमटवील याचा नेम नाही, असं यांचं म्हणणं. एकदा एक बाई वारलेल्या नवऱ्याच्या दवाखान्याचा शिक्का घेऊन आल्या. त्यांना नवी मूठ बसवून तो आठवण म्हणून ठेवायचा होता. यांनी आधी फुली मारली, मग मूठ बसवली, मग त्यांच्या हातात दिला. मला त्या दिवशी यांचा संताप आला होता. रीत कितीही बरोबर असली तरी जरा माणूस बघून मारावी फुली.

कार्डांचं खूळ मात्र माझं. लग्न होऊन आले तेव्हा दुपारी दुकान थंड असायचं, आणि मला रिकामं बसवत नाही. शेजारी चाचांचं बाइंडिंगचं दुकान. ते लग्नपत्रिकाही कापून द्यायचे आणि जाड कागदाचे उरलेले तुकडे आमच्याकडं आणून टाकायचे. त्यावर मी शिक्के मारून बघायला लागले. सुरुवातीला ऑफिसच्या जांभळ्या शाईनंच. ठसा छान उठायचा, पण आत रंग भरायला ओला ब्रश लावला की ती जांभळी शाई पसरायची आणि सगळ्या कार्डाला वांग्याच्या भाजीची कळा यायची. पाण्यानं न हलणारी काळी शाई असते, रेघ त्या शाईनं आधी उमटवायची, पुरती वाळू द्यायची आणि मग रंगाला हात घालायचा, हे कळेपर्यंत मी चाचांचा कितीतरी कागद नासवला. चाचा म्हणायचे, वहिनी, कागद नासतोय तर नासू द्या, डोकं तरी ठिकाणावर राहतंय.

आधी हे हसायचे. शिक्का म्हणजे पोरखेळ न्हाय, म्हणायचे. मग एका दिवाळीत माझ्यासाठी मऊ रबरावर उसाचा तुरा कोरून दिला. त्यानंतर पणती झाली, बाभळीची फांदी झाली. माझं माहेर पळसदेवचं. एका उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरून त्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, ते बघून आलो आणि यांनी देवळाचा शिक्का केला. शिखरावरची दगडांची रांग न् रांग. लेक झाली तेव्हा तिच्या बारशाला पाळणा कोरला. मी रंगांत हळूहळू तरबेज झाले. बशीत शाईचे थेंब टाकायचे, स्पंजाच्या तुकड्यानं फिकट रंग आधी टिपायचा, मग त्यावर कडेकडेनं गडद, आणि दोघांच्या मधला सांधा दिसू द्यायचा नाही. दर दिवाळीला आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना अशी कार्डं जायची. माळेगावच्या कारखान्याकडचे एक कारकून ती टेबलाच्या काचेखाली घालून ठेवायचे.

तगरीचा शिक्का या सगळ्यांत लहान. कार्ड झालं की पाठीमागं खाली कोपऱ्यात काहीतरी खूण हवी, असं मला वाटायचं. नाव लिहायला लाज वाटायची. हे म्हणाले, तुझं फूल टाकू. मागच्या दाराशी तगर आहे, तिची मी रोज सकाळी फुलं काढते, म्हणून तगर. रबराचा उरलेला तुकडा घेतला आणि चार पाकळ्या झाल्यावर लक्षात आलं, की पाचवीला जागाच नाही. मी म्हटलं, दुसरा तुकडा घ्या की. यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी यांच्या खांद्यालाही लागत नाही. म्हणाले, राहू दे, एक पाकळी आखूडच बरी, बघताक्षणी कळंल कुणाची ते. पुढं कित्येक वर्षं ते आखूड पाकळीचं फूल प्रत्येक कार्डाच्या पाठीवर गेलं.

मग यांचं विसरणं सुरू झालं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली. ते आम्ही वयावर ढकललं. मग जेवलो की नाही ते आठवेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार हेही सांगितलं, सावकाश, समजावून. मी मान डोलावत राहिले. तेव्हापासून मला एकाच गोष्टीची धास्ती होती. एक दिवस हे माझ्याकडं बघतील आणि मी कोण ते यांना कळणार नाही. रोज सकाळी चहा पुढं ठेवताना मी यांच्या तोंडाकडं बघायची. यांनी 'साखर घालायची ईसरलीस व्हय' म्हटलं, की तो दिवस पार पडला. साखर मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून घालत नव्हते, आणि हे रोज तेच म्हणायचे, आणि मला ते रोज ऐकायचं असायचं.

गंमत अशी, की हात काही विसरले नव्हते. ब्लेड धरलं की बोटं बरोबर चालायची. म्हणून मी दुकान उघडं ठेवलं. रबराचे तुकडे पुढ्यात टाकले की हे काहीबाही कोरत बसायचे, आणि मला तेवढी उसंत मिळायची.

या थंडीत लेकीला इंदापुरात दुसरी मुलगी झाली. पहिलं बाळंतपण मी केलं होतं. या खेपेला यांच्यामुळं तिला आणता आलं नाही. तिच्या सासूबाईंनी सगळं केलं आणि मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. ते न म्हणणंच मला जास्त लागलं. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलं. लेकीचा फोन आला, की आमंत्रणं मोबाइलवर जातीलच, पण जवळच्या माणसांना तुझ्या हातची कार्डं द्यायची आहेत, माझ्या बारशाचा पाळणा आहे ना अजून, तोच मार. ती माझ्याकडं दुसरं काही मागतच नाही आताशा. अंगात त्राण नव्हतं, तरी मी हो म्हटलं.

पाळणा शोधला. रबर जरा कडक झालं होतं, पण कोमट पाण्यानं धुतल्यावर ठसा निघाला. दोन-तीन रंगांत नमुने केले. ते लेकीला दाखवायचे आणि बाळ बघून यायचं, म्हणून एक दिवस इंदापूरला जायचं ठरवलं. यांना बसनं नेणं अवघड होतं. चाचा म्हणाले, बिनघोर जा वहिनी, मी लक्ष ठेवतो, जेवण माझ्याबरोबर होईल त्यांचं. निघताना मी यांना सांगितलं, की इंदापूरला जाऊन संध्याकाळी येते. हे रबरावरून नजर न काढता व्हय म्हणाले.

रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या ओढत पुढं चाललेले, आणि बस त्यांच्या मागं. निमगाव केतकीच्या पानमळ्यांपाशी येईपर्यंत मला झोप लागली. कितीतरी दिवसांनी मी दिवसाउजेडी झोपले, आणि जाग आली तेव्हा क्षणभर फार हलकं वाटलं. मला कुणाकडंही बघायचं नव्हतं. मग त्या हलकं वाटण्याचीच शरम वाटली. बाळ नाकीडोळी यांच्यावर गेलं आहे. लेकीनं फिकट गुलाबी रंग पसंत केला. आप्पा कसे आहेत, असं तिनं विचारलं, मी बरे आहेत म्हटलं. बाळंतिणीला आणखी काय सांगणार?

परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. चाचा माझी वाट बघत आमच्याच पायरीवर बसले होते. सकाळपासून हे त्यांना एकच विचारत होते, ही कुठं गेली. चाचांनी दर वेळी सांगितलं, इंदापूरला गेली, येईल. जेवण झाल्यावर मात्र हे विचारायचे थांबले, शिक्क्यांचा खण काढला आणि पुसत बसले. चाचांना वाटलं, बरं झालं, जीव रमला.

खण खरोखर नीट लावला होता. ऊस, पणती, बाभूळ, देऊळ, पाळणा, सगळे पुसून एका रांगेत. तगर त्यात नव्हती. ती यांच्या समोर होती, पालथी, आणि रबरावर फुली होती. खोल फुली, मुठीच्या लाकडापर्यंत गेलेली.

मी चिडले. पिशवी तशीच खाली टाकली आणि यांना वाटेल ते बोलले. माझी एवढी एक वस्तू होती, तीच तुम्हाला सापडली का, असंही म्हणाले. आजारी माणसाशी असं बोलू नये हे मला समजत होतं, पण दिवसभराची शिणलेली मी, तोंडाला लगाम राहिला नाही. हे शांतपणे ऐकत होते. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं.

माझं झाल्यावर म्हणाले, "बाई, रीत हाय ती. ज्याचा शिक्का ते माणूस न्हाय राहिलं, की कापायचा."

"कोण न्हाय राहिलं?"

"आमची मंडळी. पळसदेवची हाय ती. तितं लय पानी हाय."

हे मला बाई म्हणाले. मी इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते असं आलं, दिवसाढवळ्या, दुकानात, चाचा पायरीवर बसलेले असताना. मी आत गेले आणि धुतलेलेच शिक्के पुन्हा धुतले. रडले का, तर रडले. पण वाईट नेमकं कशाचं वाटत होतं ते कळेना. मी विसरले गेले याचं, की दिवसभर कुणीतरी माझी वाट बघून बघून शेवटी मला मेलेली धरलं, याचं. रात्री यांनी नेहमीसारखं जेवण मागितलं. कोण वाढतंय ते ओळखून मागितलं की नाही, ते मी विचारलं नाही.

पुढचे काही दिवस मी कार्डं केली. काळ्या शाईत पाळणा उमटवायचा, वाळवायचा, गुलाबी टिपायचा, दोऱ्यांच्या कडेला थोडा केशरी. पाळण्यामागची झालर करताना पाळण्यावर त्याच मापाचा कागद कापून झाकायचा, म्हणजे मागची नक्षी पुढच्यावर चढत नाही. सगळं जमलं. पाठी तेवढ्या कोऱ्या होत्या. लेक म्हणाली असती, राहू दे गं, पाठीकडं कोण बघतंय. पण मला त्या कोऱ्या पाठी बघवेनात. आणि हे मधूनमधून मला अहो-जाहो करत होते. सकाळी साखरेचं नाव निघेना. बिनसाखरेचा चहा गुमान पिऊन कप ठेवायचे.

बारसं तोंडावर आलं तशी एका दुपारी मी काउंटरच्या आतून बाहेर गेले, चपला घातल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. असं का केलं ते नीट सांगता येणार नाही. आतल्या बाजूला बसून यांची बायको असण्याचा हट्ट करायला बळ राहिलं नव्हतं, एवढं खरं. बाहेर निदान यांना माझ्याशी कसं बोलायचं ते माहीत होतं.

मी म्हटलं, एक शिक्का करून पाहिजे. यांनी चष्मा वर केला. सोसायटीचं पत्र आणलंय का, असं विचारलं. मी म्हटलं, घरचा शिक्का आहे, नातीच्या बारशाच्या कार्डांवर मारायचा आहे. मग पत्र लागत नाही, म्हणाले. काय काढू? मी म्हटलं, एखादं फूल काढा, कुठलंही.

रबराचा चांगला हातभर तुकडा पुढ्यात होता. यांनी त्यातला हवा तेवढा कापून घेतला, पेन्सिलनं मध्ये एक गोल काढला आणि ब्लेड चालू केलं. मी बघत बसले. पहिली पाकळी एका अंगाला वळलेली निघाली, तगरीची असते तशी. दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्या एकाच दिशेनं वळलेल्या. पाचवीला यांच्या हाताखाली भरपूर जागा होती. हात मध्येच थांबला आणि अलीकडंच वळला.

"ही आखूड का वो?" मी विचारलं.

"तगर हाय."

"सगळ्या तगरी सारख्याच आसत्यात की."

"लोकांच्या आसत्यात. आमच्या हिच्या तगरीची एक आखूडच आसती."

यांनी शिक्क्याला मूठ लावली, पॅडवर दाबून कागदावर एक ठसा घेतला आणि त्याकडं बराच वेळ बघितलं. मी हात पुढं केला. यांनी शिक्का दिला नाही. सदऱ्याच्या खिशात टाकला.

"ह्यो तुमाला न्हाय द्येता येनार, बाई. ह्यो आमच्या हिचा हाय. दुसरा करून द्येतो."

मी हात मागं घेतला. ती येणार आहे का, एवढंच विचारलं.

"येती की. जाती कुठं. बसा तुमी, ती आली की च्या टाकंल."

मी थोडा वेळ बसले. मग चपला काढल्या, आत गेले आणि चहा टाकला. आलं ठेचून घातलं, साखर घातली नाही. कप घेऊन नेहमीच्या बाजूनं आले आणि यांच्यापुढं ठेवला. यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर घालायची ईसरलीस व्हय?"

यांनी खिशातून शिक्का काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"जपून वापर. दुसऱ्याच्या हातात दिऊ नको."

न्हाय देत, म्हटलं. हे चहा पीत होते. मी कार्डांचा गठ्ठा ओढला, कार्डं पालथी केली आणि भराभर ठसे मारायला घेतले. एरवी मी ठसा घाईनं मारत नाही, कड उमटायची राहते. पण त्या दुपारी मी पुन्हा गिऱ्हाईक व्हायच्या आत मला सगळी कार्डं उरकायची होती.